ताजी गार

"धूर कमी. ओल नाही. पूर्वेच्या खोलीत ताजी गार जास्त, मधल्या खोलीत कमी."

यंत्र भिंतीवर बसवल्याच्या दुसऱ्या सकाळी ते पहिल्यांदा बोललं. सुलभा चहा गाळत होती. गाळणं तसंच हातात धरून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलंत? मी इतकी वर्षं काय सांगत होते? हवा त्या खोलीत आहे. आणि तुम्ही तिथं पुस्तकं भरून ठेवलीत."

एप्रिल लागला होता. आमच्या गावात एप्रिलपासून घरातली फरशीसुद्धा दुपारी पायाला चटका देते. पाहुणा आला की आधी गार पाणी, मग नाव-गाव. अशा गावात 'गार' या शब्दाला काय मोल आहे, ते थंड प्रदेशातल्या माणसाला कळायचं नाही.

यंत्राचं नाव 'हवापारखी'. एका आरोग्य योजनेतून ते बायपासच्या बाजूच्या सगळ्या वस्तीला फुकट मिळालं होतं, दर खोलीला एक, एकमेकांना जोडलेलं. घरातली हवा आत ओढून तिच्यात काय-काय आहे ते तपासायचं आणि साध्या मराठीत सांगायचं, हे त्याचं काम. बसवायला कल्याणी आली होती. योजनेवर काम करणारी चुणचुणीत मुलगी. "काका, हे ओरडणार नाही, लाल दिवा दाखवणार नाही," ती म्हणाली. "पहिल्या यंत्रांना लाल दिवा होता. लोक घाबरून वायर काढून टाकायचे. हे बॅटरीवर चालतं आणि प्रेमानं सांगतं."

प्रेमानंच सांगत होतं ते. आवाज एखाद्या शाळेतल्या बाईंसारखा. शिवाय एक लहानसा दिवा होता. ताजी गार वाढली की तो फिका निळा आणि मग गडद निळा व्हायचा. एसीवरही थंडीची खूण निळीच असते.

सुलभाला तरुणपणी क्षय झाला होता. बरी झाली, पण छातीची उजवी बाजू तेव्हापासून हळवी राहिली. मोकळ्या हवेत राहा, एवढंच डॉक्टर दर वेळी सांगत. त्या आठवड्यात आम्ही पूर्वेची खोली रिकामी केली. माझी पुस्तकं मधल्या खोलीत आली आणि सुलभाची गादी तिकडे गेली. लग्न झाल्यापासून आम्ही मधल्या खोलीतच झोपत होतो. तिची गादी मीच उचलून दिली. यंत्र सांगत होतं, डॉक्टर सांगत होते, तिलाही हवं होतं. तिघांचं एकमत झाल्यावर मध्ये बोलणाऱ्यांतला मी नाही.

शेजारच्या सोनटक्के वहिनी दुपारी येऊन बसू लागल्या.

"आमच्याकडे नुसतं मध्यम सांगतंय ओ," त्या म्हणायच्या. "तुमच्याकडे जास्त. काय पुण्य केलं होतं सुलभाताईंनी?"

"भिंतीपलीकडच्या बालाजीच्या ओट्यांच्या शेडची सावली पडते ना," सुलभा समजवायची. "म्हणून."

"मग थोडी डब्यात भरून द्या. रात्री आमच्या ह्यांच्या उशाशी ठेवते."

"भाऊजींना गार सोसते का?"

"कुठलं! त्या यंत्रानं म्हटलं, नाक-तोंड झाका. तर मे महिना तोंडावर आलाय आणि हे माकडटोपी घालून, मफलर गुंडाळून बसलेत. म्हणे, सर्दी बाधेल."

दोघी हसायच्या. यंत्राचे सल्ले तसेच होते. दिवा गडद झाला की ते म्हणायचं, "ताजी गार फार वाढली आहे. खिडकी लावून घ्या." गारवा बाहेर जाऊ नये म्हणून लोक खिडकी लावायचे. ज्यांना थंडी मानवत नव्हती ते तोंड झाकून घ्यायचे. ज्यांना मानवत होती ते लांब श्वास घेऊन मजेत बसायचे. सुलभा दुसऱ्या जातीतली. तिला आयुष्यभर उकडत आलंय. खिडकी लावलेली तिला चालायची नाही.

मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचो. त्या नोकरीत माणसाला एक खोड लागते. ऐकलेल्या वाक्याचीसुद्धा तो मनात चूक काढतो. 'ताजी गार जास्त' या वाक्यावर मी पहिल्याच आठवड्यात अडखळलो. गार हे विशेषण असेल, तर नाम कुठं गेलं? ताजी, गार हवा म्हणायचं असेल तर हवा हा शब्द यायला नको का? पण बोलताना लोक नाम गाळतातच. "गरम आण," म्हटलं की चहा येतो. तेव्हा यंत्राचंही बरोबर असेल.

मग आठवलं की भूशास्त्राच्या एका पुस्तकात मी गार हा शब्द नाम म्हणून तपासला होता. स्त्रीलिंगी. गारगोटीतली गार. ज्याला आता सगळे क्वार्ट्झ म्हणतात. कोश उघडला तर गोंधळ आणखी वाढला. थंड ती गार, ढगातून पडते ती गार, चकमकीचा दगड तोही गार, आणि हिरवंगारमधला गार कशाचा, त्यावर एका कोशाचं दुसऱ्याशी जमत नव्हतं. सगळे अर्थ बरोबर. त्यातला यंत्राचा कुठला?

सुलभाला मी सांगून पाहिलं.

"म्हणजे यंत्र म्हणतंय की घरात दगड आहेत?" ती म्हणाली.

"दगडाची धूळ. असं असू शकेल. नसेलही."

"मग विचारा की त्यालाच."

यंत्राशी बोलायचा मला संकोच वाटत होता. पण ती बघत होती म्हणून विचारलं, "गार म्हणजे काय?"

"गार वाळूत असते," यंत्र प्रेमानं म्हणालं.

सुलभाला एवढं हसू आलं की तिला खोकल्याची उबळ आली. "अहो, माठाखाली वाळू मग उगाच घालतात का? वाळूत गार असतेच. तुम्हाला प्रत्येक शब्दाला शेपूट दिसतं."

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर गप्प बसायला मला दुसरंही एक कारण होतं. पूर्वेच्या खोलीत गेल्यापासून ती मजेत होती. तिथं रेडिओ लावायची, वहिनींशी गप्पा मारायची, खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारायची. मधल्या खोलीत मी आणि पुस्तकं. तिथलं यंत्र माझ्याशी फक्त "ओल नाही" एवढंच बोलायचं. ती परत यावी असं मला वाटत होतं, आणि तिला परत आणणारा अर्थ नेमका मला कोशात सापडत होता. असल्या शोधावर विश्वास कसा ठेवावा? छापखान्यात नियम होता, स्वतःच्या लेखाची मुद्रितं स्वतः तपासायची नाहीत. आपल्याला हवं तेच डोळ्यांना दिसतं.

मेच्या मध्यावर तिचा खोकला वाढला. कोरडा, तुटक. "गार बाधली," वहिनी म्हणाल्या आणि हळदीचं दूध सांगून गेल्या. सुलभानं दूध घेतलं, पण खोली सोडली नाही. गच्चीचा जिना चढताना ती मध्येच थांबू लागली. मी वर पाहिलं की कठडा पुसत असल्यासारखं करायची.

एका शुक्रवारी यंत्र निराळंच बोललं. "ताजी गार नाही. शिळी गार आहे."

"शिळी गार?" सुलभा म्हणाली. "ही काय भाकरी आहे?"

मी खिडकीतून पाहिलं. शुक्रवारी दिवसभर वीज नसते म्हणून बालाजीची शेड बंद होती. बाहेर ऊन तर रोजच्यापेक्षा कडक होतं. पुढच्या शुक्रवारीही तसंच झालं. दोन शुक्रवारांवरून निष्कर्ष काढणं बरं नव्हे, असं मी स्वतःला बजावलं. पण शनिवारी सकाळी शेडमधली करवत सुरू झाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत यंत्राचा दिवा फिक्याचा गडद झाला. आत सुलभा खोकत होती.

मी पूर्वेच्या खोलीतलं यंत्र भिंतीवरून काढलं. "दुरुस्तीला नेतो," म्हणालो, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि शेडकडे निघालो. घरापासून शेडपर्यंत भिंतीला वळसा घालून जायचं, इतकंच अंतर. त्या वेळात मी दोनदा परत फिरलो. लोक काय म्हणतील? म्हातारा यंत्राला फिरायला नेतोय.

बालाजी आमच्या वस्तीतलाच. नव्या इमारतींच्या स्वयंपाकघरांसाठी तो ओटे कापून देतो. पांढरेशुभ्र, आरशासारखे चकचकीत. हल्ली काळा ग्रॅनाइट कुणालाच नको असतो.

"या काका," तो म्हणाला. "शेवटी काकूंनी हट्ट धरला वाटतं ओट्याचा?"

"नाही. मला हे जरा इथं ठेवायचंय. पाच मिनिटं."

"ठेवा की. आम्हाला पण कळू द्या आमची हवा."

वर पत्रा होता. आत शिरताच कपाळावर कुणी तवा ठेवावा तसं झालं. नझीर नावाचा कारागीर डोक्याला ओलं फडकं बांधून ओट्यांच्या पाट्या कापत होता. त्याच्या भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पीठ लावल्यासारखं पांढरं. मी यंत्र एका पाटीवर ठेवलं. ते हवा ओढू लागलं. दिवा निळा झाला, गडद झाला, इतका की जवळजवळ काळा दिसू लागला.

"ताजी गार अतिशय जास्त," यंत्र म्हणालं.

करवत थांबली. मग बालाजी पोट धरून हसायला लागला.

"नझीर, ऐकलं का? तू महाबळेश्वरला बसलायस."

"मग पगार कापू नका, मालक," नझीर म्हणाला. "इथं शाल लागते." तोही हसला, आणि हसता हसता खोकू लागला. तो खोकला माझ्या ओळखीचा होता. कोरडा, तुटक.

"बालाजी," मी म्हणालो, "ह्या पाट्या कशाच्या असतात?"

"कंपनीच्या आहेत काका, एक नंबर माल. गारेचा चुरा आणि गोंद, दाबून पक्का केलेला. चुराच जास्त, गोंद नावाला." तो अभिमानानं पाटीवर थाप मारत सांगत होता. "आमचा आजा गारेनं विस्तव पाडायचा, तीच ही—"

तो थांबला. त्यानं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, ती गार?"

"मला नक्की माहीत नाही," मी म्हणालो. सवयीनं म्हणालो. माहीत झालं होतं.

कल्याणीला फोन केला. तिलाही शब्द नवा होता. तिनं यंत्राच्या कंपनीतल्या माणसाला जोडून दिलं, आणि त्यानं जे सांगितलं ते असं.

गार हा एक स्फटिक. त्याच्या रचनेत बारीक उणिवा असतात, आणि जमिनीतल्या किरणोत्सारामुळे त्यांत इलेक्ट्रॉन अडकून पडतात. कधीकधी लाखो वर्षं. कणावर विशिष्ट प्रकाश टाकला की ते सुटतात आणि सुटताना मंद निळा उजेड देतात. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही, यंत्राला दिसतो. हवेतल्या हजार प्रकारच्या धुळीतून गारेचे कण ते असे वेचून काढतं. दिवा निळा ठेवला तो त्या उजेडाची आठवण म्हणून. कुणाला तरी ते सुंदर वाटलं.

आणि ताजी-शिळीही खरीच. स्फटिक फुटतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर अणूंचे बंध उघडे पडतात. असा कण पुढच्या कणाशी, पाण्याशी, शरीरातल्या पेशीशी झोंबायला तयार असतो. काही काळानं ते बंध शांत होतात. म्हणून नुकती फुटलेली गार जास्त घातक. ती श्वासातून खोल जाते. फुप्फुसातली राखणदार पेशी तिला गिळते, पण पचवू शकत नाही आणि मरते. कण सुटून पुढच्या पेशीला मिळतो. जिथं हे घडतं तिथं व्रण उरतो, आणि व्रणाला श्वास घेता येत नाही.

"पण तुम्ही सिलिका का नाही म्हणालात?" मी विचारलं.

"परके शब्द नकोत, घरातले शब्द हवेत, असा आमचा नियम होता सर," तो म्हणाला. "भाषेची प्रणाली जुनी पुस्तकं वाचून शब्द निवडते. तिनं अचूकच शब्द निवडला. तपासणाऱ्या जाणकारांनीही बरोबर अशी खूण केली."

मीही केली असती.

घरी येऊन सुलभाला सांगितलं. ती पलंगावर बसली होती, खिडकी उघडी. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पण मला गार वाटायचं," ती म्हणाली. "खरंच वाटायचं हो. ते म्हणालं की अंगावर काटा यायचा."

"सगळ्यांनाच वाटायचं."

"मग इतके दिवस ते मला सांगत काय होतं?"

"इथून उठ, हेच सांगत होतं."

ती उठली. उशी तिनं स्वतः घेतली, गादी मला दिली.

नंतरच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या मला अजून नीट कळलेल्या नाहीत. कंपनीनं शब्द बदलला. आता यंत्र म्हणतं, "घातक सिलिका जास्त." मला वाटलं होतं, वस्ती खडबडून उठेल. सोनटक्के वहिनी म्हणाल्या, "आता नुसतं भिववतं ओ. आधी कसं गोड बोलायचं." आणि त्यांनी यंत्र कपाटात ठेवून दिलं. गल्लीतल्या निम्म्या घरांनी तेच केलं. गार म्हणत होतं तोवर लोक त्याच्याभोवती बसत होते. खरं कळायला लागल्यावर ऐकायला कुणी उरलं नाही. सगळ्यांत धडधाकट कोण आहे, तर सोनटक्के भाऊजी. सर्दीच्या भीतीनं ते दीड महिना मफलरमधून श्वास घेत होते. बरोबर शब्दानं कुणाचं भलं झालं आणि चुकीच्या समजुतीनं कुणाचं, हा हिशेब मांडायला बसलो की माझं डोकं गरगरतं.

बालाजीनं करवतीला पाण्याची नळी लावली. ओलं कापलं की धूळ खाली बसते. पण जूनमध्ये नळाला पाणी चार दिवसांआड येऊ लागलं आणि वस्तीनंच त्याच्याशी भांडण काढलं, की आम्हाला प्यायला नाही आणि हा दगडाला पाजतो. तो मला म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा, मी काय करू?" नझीर तपासणीला जाऊन आला. शेडमध्ये तो आता दिसत नाही. गावाकडे गेलाय म्हणतात.

सुलभाची छाती आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी तपासली. पडद्यावर उजव्या बाजूला डाग होते. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. "यातले क्षयाचे जुने किती आणि नवे किती, आज सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांनी पुन्हा या. वाढले नसतील तर जुने."

"आणि वाढले असतील तर?" सुलभानं विचारलं.

"तर तेव्हा बोलू."

परत आलो तेव्हा दुपार होती. मधल्या खोलीत पंखा गरम वारा फिरवत होता. पूर्वेच्या खोलीला कुलूप लावलेलं. चहूकडे पुस्तकांचे गठ्ठे, मध्ये दोन गाद्या. ती भिंतीला टेकून बसली, मी तिला पुठ्ठ्यानं वारा घालत होतो.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला शंका आली कधी?"

"पहिल्या आठवड्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. तू हसलीस."

"मी तुमच्या सगळ्याच बोलण्याला हसते. तुम्ही दुसऱ्यांदा का नाही बोललात?"

काहीतरी खरं सांगायला हवं होतं. पुठ्ठा हलवत राहिलो म्हणून सांगता आलं.

"मला वाटलं, तू परत इथं यावीस म्हणून मला तसला अर्थ सुचतोय. म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही."

तिला खोकला आला, तो तिनं पदरात संपवला.

"म्हणजे मी इथं हवी होते तुम्हाला."

"हो."

"मग तेवढंच म्हणायचं ना," सुलभा म्हणाली. "त्यात दगड कशाला आणलात? मी त्याच दिवशी आले असते."